खाजगीचा कोरा रकाना

दुर्गजवळच्या कोहक्याच्या गल्लीत सूर्यकांतच्या दारापुढे पांढरी गाडी उभी असायची, अन् त्याची बायको चारुलता दुखरे गुडघे सांभाळत सडकेपर्यंत पायी जायची, ऑटो पकडायला. लोक हसायचे. हसणारच! पण बाई काही रुसून जात नव्हती. गाडी कंपनीची होती, एवढंच.

सूर्यकांत पोलादाच्या भट्टीला लागणाऱ्या विटा पुरवणाऱ्या एका खाजगी कंपनीत मॅनेजर. त्याचे वडील रामाजी भंडाऱ्याकडची शेती सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटात लागले होते, अन् कामावरचा खिळासुद्धा घरी आणायचा नाही, ही शिकवण पोराला देऊन गेले. शिकवण सोन्यासारखी, पण सोनंसुद्धा पारखून घ्यावं लागतं ना! बारा वर्षांपूर्वी गाडी मिळाली तेव्हा याने सोबतचं कंपनीचं पत्र पुरतं वाचलंच नाही. अकाउंटच्या बाबूने सांगितलं, गाडी फक्त कामाला वापरतो असं लिहून द्या, रोजच्या फेऱ्या वहीत मांडा, टॅक्स लागणार नाही. याने सही ठोकली. वहीत किलोमीटरचे दोन रकाने होते, एक कामाचा, एक खाजगीचा. खाजगीचा रकाना बारा वर्षं कोरा राहिला. त्याचा त्याला कोण अभिमान! पाहुण्यांपुढे वही उघडून ठेवायचा हा भला माणूस.

चारुलताने गाडी एकदाच मागितली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी नंदिनी नगरहून तिच्या भावाचा, रूपेशचा फोन आला. आई पडली होती, तोंड वाकडं झालं होतं, अन् सारखी चारूचं नाव घेत होती. सूर्यकांत शर्टाच्या गुंड्या लावत होता. म्हणाला, कंपनीची आहे, सही केली आहे मी. तू निघ, मी सुटी टाकून मागून येतो. भाड्याची गाडी वेळेवर मिळाली नाही. ऑटोने पॉवर हाऊसच्या स्टँडवर, तिथून बस. अडीच तासांनी ती पोचली तेव्हा आईची, शकुबाईची, वाचा गेली होती, ती अजून परतली नाही. चारुलता नवऱ्याला त्यावर एक शब्द बोलली नाही. दर रविवारी बसने आईकडे जात राहिली.

यंदा मार्चमध्ये अकाउंटला दुर्गची साक्षी नावाची नवी पोरगी आली. तिने वही चाळली अन् विचारलं, घरचं कोणी गाडीत बसतच नाही का? सूर्यकांतने छाती फुगवून नाही म्हटलं.

"पण सर, मनाई कुठं आहे?" ती म्हणाली. "तुमच्या गाडीच्या पत्रातच घरच्या वापराले मंजुरी लिहून आहे. ती सही फक्त टॅक्स वाचवायची होती. खाजगी फेरी खाजगीत लिहायची, बस. मग दर महिन्याले एक ठरलेली रक्कम पगारात धरतात, तेवढ्यावर टॅक्स. पेट्रोलचा खर्च त्यातच आला."

त्याने टॅक्स किती ते विचारलं. तिने सांगितलं. त्याने परत विचारलं, तिने परत तेच सांगितलं. घरच्या दुधाच्या बिलाहून कमी होता.  सूर्यकांतने पत्र मागवून घेतलं, पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.

लपवता आलं असतं. पण लपवणं त्याला जमतच नव्हतं, हे त्याचं नशीब म्हणा की दुर्दैव. संध्याकाळी चारुलता भाजी निवडत होती, तिच्यापुढे बसून त्याने सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे त्या दिवशी जाता आलं असतं?"

"आलं असतं."

"तुमी कोणाले विचारलंच नाई."

"नाई विचारलं."

 "मले वाटे, सरकारचा कायदाच आहे," ती म्हणाली. "म्हणून तुमच्यावर कधी राग नाई केला मी." अन् ताट उचलून आत गेली.

रविवारी तो गाडीचं दार उघडून उभा राहिला. ती येईल याचा त्याला भरवसा नव्हता. आली. आईसाठीचा डबा मांडीवर घेऊन बसली अन् वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली. रूपेशच्या क्वार्टरपुढे गाडी थांबली तेव्हा सूर्यकांतने वही काढली अन् खाजगीच्या रकान्यात पहिल्यांदा आकडा लिहिला. 

चारुलताने उतरायच्या आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"चाळीस मिनिटं लागली," ती म्हणाली, अन् डबा घेऊन आईकडे आत गेली.