ब्रीशाने उतरवलेली जाड नळी

आमच्या मॅन बेटावर शर्यतीच्या जुन्या मोटारसायकलीची फ्रेम तडकली, की माणसं ब्रीशा स्किलिकॉर्नच्या शेडचा रस्ता धरतात. सासऱ्याने शिकवलेलं झाळकाम, म्हणजे पितळ वितळवून नळ्या जोडायचं काम, तिच्या हातात असं बसलंय, की सांधा बोटाने चाचपला तरी सापडू नये. तिचा नवरा डोंगरावरच्या वळणावर शर्यतीतच गेला. तेव्हा बाई म्हणाली होती, आता या घरातलं कुणी त्या रस्त्यावर जायचं नाही. पण रक्त कुठे ऐकतंय! पोराने, ऑरीने, बापाची गाडी बाहेर काढलीच.

हँडलखालची नळी चिरली होती. "आई, एवढी बदलून दे," तो म्हणाला. "नाही म्हणालीस तर रॅम्झी गावात एकजण आहे, तासाभरात वेल्डिंग मारून देतो."

वेल्डिंग! त्या जुन्या पातळ पोलादाला? त्या आचेने नळी ठिसूळ होऊन भर वेगात तुटायची. "मेल्या, मरायचंय का तुला? ठेव ती इथे!"

छताला दोन नळ्या टांगलेल्या होत्या. एक खास शर्यतीची, पातळ पण चिवट. दुसरी जाडजूड, कुंपणाला शोभेल अशी. जन्मभर ती गिऱ्हाइकांना ओरडून सांगत आली होती, की अरे बाबांनो, जाड म्हणजे मजबूत नव्हे, फ्रेम जराशी लवली पाहिजे. सगळं कळत होतं, तरी तिने जाड नळी उतरवली. गाडी जड होईल, पोरगं मागे पडेल, कंटाळून नाद सोडेल. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

सराव करून ऑरी परतला तो खुशीत. "आई, दगड आहे दगड! आता बिनधास्त पिळतो बघ." हादऱ्यांनी तळहात सोलवटले होते, पण त्याचं त्याला काही नाही. ज्या नळीने त्याला रोखायचं, तिच्याच भरवशावर हे कार्टं आणखी वेगात निघालं होतं.

तो चहाला घरात गेला, तसा तिचा दीर फिन्लो गाडीपाशी वाकला. शेडमधली निम्मी कामं तोच करायचा. नव्या सांध्याला लागून असलेल्या जुन्या नळीच्या रंगावर केसाएवढी रेघ उमटली होती. जाड नळी लवेना, म्हणून सगळे दणके या शेजारणीने खाल्ले होते.

"वहिनी, हे तुझ्या हातून चुकून व्हायचं नाही."

"नाही झालं चुकून."

फिन्लो मटकन स्टुलावर बसला. "अगं, आणखी एक फेरी झाली असती तर?"

"बोलू नका भावजी! वाचवायचं होतं हो मला त्याला. मी काय करू, सांगा ना, काय करू मी?"

"शर्यतीच्या तपासणीवाल्यांना चीर दाखव. गाडी बाद करतील."

"यंदा करतील. पुढच्या खेपेला तो माझ्याकडे येईल? रॅम्झीला जाईल सरळ."



डोळे पुसत तिने करवत घेतली. जाड नळी कापून काढली, शेजारची चिरलेलीही काढली, आणि दोन्ही जागी ती पातळ, चिवट नळी बसवून झाळली. इतकं चांगलं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतक्या नाखुशीने तर कधीच नाही.

ऑरीने गाडी स्टँडवरून उतरवून डोलवून पाहिली. "केवढी हलकी झाली गं! काय केलंस?"

"आधीची नळी चुकीची होती."

"तुझी? आणि चुकीची?" तो हसला. "म्हणजे आता पळेल?"

ब्रीशाने फिन्लोकडे पाहिलं. तो खालीच बघत होता.

"पळेल," ती म्हणाली.

पोराने तिला कडकडून मिठी मारली. तिने त्याला धरून ठेवलं, "आई, सोड ना आता," म्हणाला तरी.