मशीनची पहिली दोरी

माझ्या नवऱ्याचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. कारण होतं बाबांच्या होडीचं जुनं मशीन.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझं माहेर खाडीकाठच्या गव्हाणचं, आणि मी एकुलती एक. बाबांनी उरणच्या कुणाकडून ते मशीन वापरलेलंच आणलं होतं. होडीच्या मागे अडकवायचं, डोक्यावरच पेट्रोलची टाकी आणि सुरू करायला दोरी. दोरीची गाठ चाकाच्या खाचेत अडकवायची, वेढे घ्यायचे आणि अंग झोकून ओढायची. पावसाळाभर मशीन पडवीत गोणपाटाखाली असायचं. पौर्णिमेला त्याची पूजा झाली की पहिली दोरी मी ओढायची, अगदी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून. बाबांचा खांदा एकदा निखळला, त्यानंतर तर एरवीही मीच. मशीन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, असं मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे.

त्या वर्षी नवीन पनवेलहून नवऱ्याबरोबर एसटीने माहेरी आले. नवरा कचेरीत कारकून, पाण्याला बिचकणारा. बाबांनी त्याला टॉवेल-टोपी दिली आणि वर दोरीही त्याच्याच हातात ठेवली.

"जावयबापू, पयली दोरी तुमी खेचा. मान तुमचा हाय."

"मामा, तिलाच ओढू दे ना," नवरा म्हणाला. "मला कुठे येतं?"

"ती आता पावनी. तिनं हलद-कुकू लावायचं."

आयत्या बिळावर नागोबा! त्यातून हा नागोबा स्वभावाने इतका गरीब, की त्याच्याशी धड भांडताही येईना. मी सगळा राग हळद-कुंकवावर काढला. पाण्यात घट्ट कालवलं आणि टाकीवर, तिच्या झाकणावर, बोटांनी थापत सुटले. "गो बाय, पुरे," आई म्हणाली, तरी थापलं.

आरती होईपर्यंत ते वाळलं. बाबांबरोबर नवरा होडीत चढला. दोनदा दोरी हुकली, तिसऱ्यांदा मशीन फटफटलं. काठावर आनंदीआनंद आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. पण होडी जरा पुढे जाते न जाते तोच मशीन खोकलं आणि बंद पडलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

वल्हं मारत दोघं काठाला परत आले. बाबांनी प्लग काढून पुसला, लोखंडाला टेकवून ठिणगी बघितली. ठिणगी होती. झाकण उघडून टाकीत डोकावले. पेट्रोलही होतं. झाकण लावलं, नवऱ्याने दोरी ओढली, मशीन सुरू झालं, थोडं चाललं, बंद. पुन्हा प्लग, पुन्हा झाकण, पुन्हा तेच. गावातल्या बाकीच्या होड्या आपापले नारळ घेऊन कधीच पुढे गेल्या होत्या. नवऱ्याची नवी टोपी घामाने भिजली, तळहातांना फोड आले. "मशीनला पन नवा मानूस कलतो!" काठावरून कुणीतरी म्हणालं आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसले.

बाबा हसले नाहीत. ओहोटी लागली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर होडी चिखलात बसली असती आणि आमच्या घरचा नारळ त्या वर्षी घरीच राहिला असता. त्यांनी नवऱ्याच्या हातून दोरी घेतली आणि त्या दुखऱ्या खांद्याने स्वतःच ओढायला लागले. मशीन आता फटफटतसुद्धा नव्हतं. एका ओढीला त्यांचा चेहरा असा वेडावाकडा झाला की माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

झाकण उघडलं की मशीन चालतं, लावलं की थोड्या वेळाने गुदमरतं. त्या झाकणाला हवेसाठी मोहरीएवढं भोक होतं, त्यातून हवा आत गेली तरच पेट्रोल खाली उतरायचं. मी तिकडे बघितलं. भोक दिसतच नव्हतं, त्यावर माझं हळद-कुंकू कडक वाळून बसलं होतं.

साडी खोचून मी होडीत चढले. "उतर, साडी भरंल चिखलात," बाबा ओरडले. मी ऐकलं नाही. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, भोकातलं कुंकू कोरलं आणि फुंकर मारली. मग दोरीची गाठ खाचेत बसवली, वेढे घेतले, पाय रोवला.

बाबांनी माझ्या मुठीतून दोरी अलगद सोडवली. "जावयबापू, या."

नवऱ्याने ओढली. मशीन सुरू झालं ते थांबलंच नाही. "जावय गुनाचा हाय!" काठावरच्या बायका म्हणाल्या. मी उतरून चिखलात उभी राहिले आणि होडी नारळ घेऊन गेली.

संध्याकाळी निघताना बाबा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाय, तुज्याबिगर ते चालू झालं नसतं. दरसाल येत जा. पिन पन आन."

मला पिनेचं कौतुक नको होतं, मला दोरी हवी होती.

एसटीत नवऱ्याने लहान मुलासारखा हात पुढे केला. "बघ ना, किती फोड आलेत. फुंकर मार."

मी फुंकर मारली. ते फोड माझ्या हाताचे होते.