लक्ष्मीपूजनाला अडवलेला हप्ता

साठी उलटल्यावर स्कूटी घेणाऱ्या बाईबद्दल लोक काय बोलत असतील, ते मला आता समजतं. तेव्हा ती बाई मीच होते, आणि मला वाटायचं अख्खं बालाघाट आपल्याकडे कौतुकानं बघून राह्यलं आहे. रस्त्यावरचे ऑटोवाले बाजूला व्हायचे, तो मी मान समजायची.

स्कूटी हप्त्यांवर घेतली होती. शोरूमवाल्यानं ढीगभर कागदांवर सह्या घेतल्या आणि म्हणाला, "माताजी, अब आपको कहीं जाना नहीं है. पैसा हर महीने खाते से अपने आप कट जाएगा." मला फार गंमत वाटली. मोहल्ल्यातल्या बचत गटाची मी अध्यक्ष. एखादीचा हप्ता एक दिवस चुकला की भर बैठकीत तिच्या नवऱ्याच्या तंबाखूच्या खर्ऱ्यापासून सासूच्या दवाखान्यापर्यंत सगळं काढायची. आता आपल्याला कोणी काही बोलायचा प्रश्नच नाही, असं मला वाटलं.

त्या साली लक्ष्मीपूजन नेमकं हप्त्याच्या तारखेला आलं. त्या दिवशी आमच्याकडे घरातला पैसा बाहेर देत नाहीत. दूधवाल्यालासुद्धा आदल्या दिवशीच मोकळं करतात. माणसाला सांगता येतं की बाबा, उद्या ये. अपने आप कापणाऱ्याला कोण सांगणार? मग या हुशार बाईनं आदल्या दिवशी बँकेत जाऊन खातं जवळजवळ कोरडं केलं आणि नोटा पाटावर देवीसमोर मांडल्या. काप म्हटलं आता.

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "बँकेले लक्ष्मीपूजन समजते का वं?"

"तिले नाही समजत म्हणून त मले करा लागते," मी म्हणाले.

नंतर भाऊबीजेला खैरलांजीला भावाकडे गेले, तिथे चार दिवस मिरवले. पैसे कपाटातल्या डब्यातच राहिले. फोन यायचे, "मॅडम, आपका पेमेंट फेल हुआ है." फोनवर पैसे मागणारे सगळे ठग, हे मी कुठंतरी ऐकून ठेवलेलं. एका पोरीला तर इतकं झापलं की ती बिचारी सॉरी म्हणून मोकळी झाली. हा पराक्रम मी गटाच्या बैठकीत दोनदा सांगितला.

मग रजिस्टर पोस्टानं एक लिफाफा आला. आत सगळं इंग्रजी, खाली शिक्का. हप्ते घेणाऱ्या फायनान्स कंपनीची काही नवी स्कीम असेल म्हणून मी तो टीव्हीखाली सरकवला. तोवर डब्यातले थोडे पैसे खात्यात टाकले होते, त्यामुळे पुढच्या महिन्याचा हप्ता मुकाट कटला. मला वाटलं, मिटलं. एका बुधवारी नवऱ्याला रिमोट शोधता शोधता तो लिफाफा सापडला. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं.

"वं, तुह्यावर केस होऊन राह्यली."

"काहून? मी काय केलं?"

"दोन सालाच्या जेलची गोष्ट लिहिली आहे. स्कूटी अंदर नेऊ देतेत का, तेवढं विचारून घेजो."

पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी जिल्हा कोर्टात वकिली करते. लहानपणी तिनं माझ्या ओसरीवर पुष्कळ चिवडा खाल्लेला, म्हणून माझा तिच्यावर हक्क. संध्याकाळी तिच्याकडे गेले. नोटीस वाचून तिनं विचारलं, "मावशी, खात्यात पैसे नव्हते का?"

इथे माझा अभिमान आडवा आला. "नव्हते कसे? होते. मी मुद्दाम काढले. आम्ही काय भिकारी आहोत?"

तिनं पेन खाली ठेवला. "हे अजून कोणाले सांगितलं?"

"अर्ध्या मोहल्ल्याले."

"उरलेल्या अर्ध्याले नका सांगू."

मग तिनं समजावलं. चेक बाउन्स होतो ना, तसंच हे. खात्यात पैसा नाही म्हणून हप्ता परत गेला तर त्याचाही गुन्हा होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर गुन्हा होतच नाही. तिनं लिफाफ्यावरचा पोस्टाचा, पोचल्याचा शिक्का पाहिला, बोटांवर मोजलं.

"मावशी, उद्याचाच दिवस आहे."

उद्या मार्गशीर्षातला गुरुवार. महालक्ष्मीचं व्रत. त्या दिवशीही आमच्या घरातून पैसा जात नाही.

"परवा भरले त नाही चालत?"

"परवा त्यायले केस टाकाले रस्ता मोकळा. मंग तुम्ही तारखेवर या. मी राहीनच. तुमच्या गटाच्या बाया बी येतीन पाहाले."

कैदेनं मी तेवढी घाबरले नव्हते. त्या बाया पदर सावरत कोर्टाच्या बाकावर बसल्या आहेत आणि माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसतात, हे डोळ्यांसमोर दिसलं मात्र, आणि मी तडक घरी येऊन कपाटातला डबा उघडला.

गुरुवारी सकाळी कलश मांडला, देवीला म्हटलं, पाहून घे बाई, आणि नवऱ्याला मागे बसवून फायनान्सच्या ऑफिसात गेले. काउंटरवर हिरव्या बांगड्या घातलेली एक बाई होती, आपल्याकडचीच. मला बरं वाटलं.

"उपास असन न आज तुले?" मी विचारलं.

"हौ काकू."

"मंग समजून घे. आज लक्ष्मी देता येत नाही. आजच्या तारखेची पावती फाड, पैसे उद्या सकाळी आणून देतो."

ती गोड हसली. "देता नाही येत काकू, पण घेता त येते न." माझ्या नोटा तिनं कपाळाला लावल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या. मग कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाली, "आणि हे बाउन्सच्या दंडाचे वेगळे."

"म्हणजे? लक्ष्मी दिली, आता तिच्यासंग पाठराखीण बी पायजे?"

"मंग? नव्या घरी एकटी कशी राहीन ते?"

मागे नवरा इतका हसला की दारावरचा गार्ड आत डोकावला. मी बटवा उघडला, पाठराखिणीचेही पैसे मोजून दिले, आणि पावतीवरची तारीख नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतल्यावरच जिना उतरले.