देवळातलं दुसरं कासव

देवळातल्या दगडी कासवाशी मनुबाई रोज भांडायची. काशीदहून मुरुडकडे जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला, सुरूच्या बनाआड, गणपतीचं एक लहानसं देऊळ आहे. तिथली झाडलोट आणि निर्माल्य उचलणं तिच्याकडे. गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं ते कासव येणाऱ्याजाणाऱ्याचे हात लागून गुळगुळीत झालेलं. मनुबाई त्याच्यावर तांब्या ओतायची आणि म्हणायची, "पाय उचल रे मेल्या, खालचं पुसू दे." कासव काही पाय उचलायचं नाही. मग ती त्याला आपल्या सासऱ्याची उपमा द्यायची, तोही असाच, उंबऱ्यात बसला की केरसुणीला दाद न देणारा. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, तेव्हा दिवसभराचं बोलणं ती सकाळीच इथे उरकून घ्यायची. ऐकणारा उलट बोलत नव्हता, ही मोठीच सोय.

एका सकाळी तिथे दोन कासवं होती.

दुसरं जरा उजवीकडे, खांबाच्या पायथ्याशी. मनुबाईला वाटलं, गुरुजींनी नवीन आणून बसवलं. मार्तंडगुरुजी देवळाचे कारभारी, शाळेतून निवृत्त झालेले, मागच्या नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक. त्यांच्या मनात आलं की देवळात कधी घंटा वाढायची, कधी पाटी. आता दोघांचं पुसायचं, असं पुटपुटत तिने तांब्या ओतला.

दगडाने फुस्स केलं आणि डोकं आत घेतलं.

तांब्या घरंगळत पायरीपर्यंत गेला. मनुबाई होती तिथेच बसली. ओरडली नाही, हातही जोडले नाहीत. इतकी वर्षं ज्या दगडाला वाट्टेल ते बोललो, त्यातलं कोणीतरी आज ऐकत होतं. आपण काय काय बोललोय ते तिला भराभर आठवायला लागलं आणि तिने पदर तोंडावर घेतला.

हां हां म्हणता माणसं जमली. गुरुजींचं सगळं बोलणं 'त्याचं असं आहे'पासून सुरू व्हायचं आणि कुठे संपेल हे त्यांनाही ठाऊक नसायचं. त्याचं असं आहे, कूर्म हा दुसरा अवतार, असं म्हणत ते समुद्रमंथनापर्यंत पोचले, तोवर येसाजी तांडेल आला. येसाजीचा जन्म होडीत गेला, त्यामुळे तो जमिनीवरही वाऱ्याच्या वरताण बोलायचा. त्याने वाकून पाहिलं. डोकं, पाय, शेपूट सगळं आत. नुसतं कवच, त्यावर चिखलाचं आणि शेवाळाचं पुट. त्याने निकाल दिला, "पाव्हना वाट चुकला हाय. दर्याचा हाय तो, दर्यात सोडा."

यात कोणाला शंका वाटायचं कारणच नव्हतं. जाळ्यात कासव आलं तर इथे त्याला कोणी धरून ठेवत नाही. हळदकुंकू लावायचं, नारळ द्यायचा, मागे सोडायचं. येसाजीच्या बापाने केलं, येसाजीने केलं. कासव हा शब्दच या किनाऱ्यावर खारट आहे. तो उच्चारला की माणसं आपोआप पाण्याकडे बघतात.

सोडायचा मान मनुबाईचा ठरला, पाहुणा तिला भेटला म्हणून. तिने घरी जाऊन धुवट लुगडं नेसलं. दर्याच्या काठी जन्म काढून ती कधी घोट्याच्या वर पाण्यात गेली नव्हती, पण त्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात शिरली. कासवाच्या पाठीवर कुंकवाचा मळवट, हातांना त्याचा गार जडपणा. येसाजीने मागून नारळ वाढवला. मनुबाईने अलगद हात सोडले.

कासव सरळ खाली गेलं.

सगळे त्याच्या पोहण्याची वाट बघत राहिले. लाट आली, परतली. पाणी निवळलं तेव्हा मनुबाईला तळाशी पाय दिसले. वल्ह्यासारखे पसरट नव्हते. खुंटासारखे, नखं असलेले चार पाय वाळू उकरत होते, आणि वाळू त्यांच्याखालून सरकत होती. तिने मागे वळून येसाजीकडे पाहिलं. तोही वाकून तेच पाय बघत होता.

मग मनुबाई वाकली ती सगळीच पाण्यात गेली. पुढची लाट डोक्यावरून गेली, लुगडं पायांत गुंतलं, नाकातोंडात खारं पाणी; पण ती उठली तेव्हा कासव छातीशी होतं. येसाजीने ते घेतलं, डोकं खाली करून धरलं. नाकातून पाणी ठिबकलं. येसाजी एवढंच म्हणाला, आणि तेही हळू, "चुकलाव गं मनुबाय."

"सोडला मी ना दादूस," ती म्हणाली. "माज्या हातानं बुडवला."

देवळामागच्या आडावर तिने त्याला गोड्या पाण्याने धुतलं. कुंकू गेलं, चिखल गेला, आणि खालून गुलाबी नेलपॉलिश निघालं. कवचाच्या काठाला एक भोक, त्यात गंजक्या तारेचा तुकडा. रस्त्यापलीकडच्या बंगल्याची राखण करणारा रितेश मोबाइल बघत बघत आला आणि थबकला. अरे ये तो अपना लकी हाय, म्हणाला. मग त्याने मुंबईतली निम्मी हिंदी मिसळून हकिगत सांगितली. शेटने वास्तूला शुभ म्हणून आणलेला, कोरड्या कारंज्यात तारेने बांधून ठेवलेला, शेटच्या बेबीने रंगवलेला. आता शेटची फॅमिली येतच नाही. तो स्वतः टाइम भेटला की पाव टाकायचा, मग एक दिवस कारंज्याची कड ढासळली आणि लकी कुठे गेला ते त्याने शोधलं नाही. हे शेवटचं सांगताना त्याने मोबाइल खिशात घातला.

गुरुजींनी अलिबागला वनखात्यात फोन लावला. पलीकडून सांगितलं, हे जमिनीवरचं कासव, पाण्यात घालू नका, घरी पाळायला कायद्याने बंदी आहे, आम्ही येऊन नेतो. तोवर उबेत ठेवा, खाल्लं तर जगेल.

खाल्लं तर! मनुबाईने पेंढा घालून आंब्याची पेटी तयार केली आणि ओवरीत तिच्याजवळ बसून राहिली. गावाने खाणं पाठवायला सुरुवात केली. येसाजीने सुकट आणली. गुरुजींनी वाटीभर दूध पाठवलं, सोबत त्याचं असं आहे वगैरे. रितेशने चीज आणलं. कासव दार लावून बसलं होतं. मनुबाई कान लावून ऐकायची. आत श्वास आहे की आपलाच, कळायचं नाही. त्या दिवसांत ती दगडी कासवावर मुकाट्याने पाणी घालायची. पाय उचल म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

नेहमीप्रमाणे एका सकाळी तिने गाभाऱ्यातलं निर्माल्य काढलं, टोपलीत भरलं, ओवरीत ठेवलं. पेटी उन्हात कलती करून ती केरसुणी घ्यायला वळली. मागून आवाज आला. कोणीतरी काकडी खावी तसा, बारीक, सावकाश.

कासव पेटीतून उतरून टोपलीशी गेलं होतं. मान लांब काढून ते जास्वंद खात होतं. एकेक पाकळी ओढायचं, थांबायचं, डोळे मिटायचे, पुन्हा ओढायचं. जास्वंद संपली तशी त्याने दूर्वांची जुडी धरली. सुकट नको, दूध नको. जे रोज ती देवापुढून उचलून माडाच्या बुंध्याशी टाकत आली, तेच त्याचं जेवण होतं. मनुबाई केरसुणी धरून उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि अंगावर काटाही. गुरुजी घंटा वाजवायला आले, तर तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबवलं. गुरुजीही थांबले, आणि त्यांचं काही असं नव्हतं की तसं नव्हतं. दोघं नुसती बघत राहिली.

वनखात्याची विनिता आली. जाईपर्यंत तिने तीन कप चहा घेतला आणि कासव उलटसुलट करून तपासलं. छाती साफ आहे, म्हणाली. नेलपॉलिश हळूहळू काढू; खाली पाठभर पिवळ्या चांदण्या आहेत, याला स्टार कासव म्हणतात. समुद्रात घालूनही वाचलं हे नवलच. हे अजून तरणं आहे, आपण इथे आहोत त्या सगळ्यांच्या नंतरही जगेल.

मनुबाईने पेटीत दूर्वा भरून दिल्या. विचारलं एवढंच, "तिकडं जास्वंद हाय ना?"

विनिता हो म्हणाली. गाडी सुरूच्या बनाआड गेली.

दुसऱ्या दिवशी मनुबाईने दगडी कासवासमोर तांब्या धरला. "पाय उचल रे," ती म्हणाली, पण मेल्या म्हणाली नाही. पाणी एकदम ओतलं नाही. थोडं घातलं, आणि थांबून बघितलं.