चढावरची सायकल

आमच्या गावाकडे जाणारा राज्य महामार्ग इतकी वळणं घेतो, की मला त्याचा रागच येतो. सरळ जायला काय होतं याला? परवा चढावर एसटी अगदी रखडली. पुढे एक बाई दुधाच्या किटल्या लावलेली सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी हाणत चढत होती.

"हॉर्न मारा की!" मी ड्रायव्हरला म्हटलं.

"नको. सरळ चढ झेपत न्हाई, म्हणून वळत चाललीय ती. चढावर एकदा पाय टेकला, की भरल्या सायकलीवर पुन्हा बसता येत न्हाई."

मी मान वर केली. समोरच्या डोंगरावर रस्ताही तिच्यासारखाच चढला होता. वाकडा, पण कुठेही पाय न टेकता.

माथ्यावर पोहोचल्यावरच ती सायकलवरून उतरली, आणि घंटी वाजवून तिनं आम्हाला वाट दिली.