पलीकडच्या खोलीतला फोन

माझे भावोजी नौदलात आचारी. युद्धनौकेवरच्या दीड-दोनशे माणसांना दोन्ही वेळ जेवू घालायचं, न्याहारी वेगळी. ताईचं त्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा आम्ही तिला फार चिडवलं होतं, की आता हिला जन्मात स्वयंपाक करावा लागणार नाही. झालं भलतंच. वर्षातले सात-आठ महिने भावोजी समुद्रावर, आणि ताई चष्म्याच्या दुकानातून दमून आली की आधी कुकर लावायची, मग चपला काढायची.

जायची तारीख नौदल कळवायचं. यायचीही कळवायचं, पण तिच्यावर विसंबून ताईने कधी दुकानात रजा टाकली नाही.

मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे त्या घरातलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. घरात ताई, तिच्या सासूबाई आणि मुलगी. मुलीचं शाळेतलं नाव वेगळं आहे, घरी ती खारू. पुढचे दोन दात जरा बाहेर आणि तोंड सतत काहीतरी कुरतडत असलेलं, म्हणून भावोजींनी फोनवर तिला बघूनच हे नाव ठेवलं. बापलेकीची ओळखच मुळी फोनवरची. ती जन्मली तेव्हा जहाज दूर कुठेतरी गस्तीवर होतं. बाबा घरी आले तेव्हा ती बसायला लागली होती, आणि उभी राहायच्या आत ते परत गेले.

पण फोनवर दोघांची गट्टी. जहाज बंदराला लागलं, किंवा फोनची मुभा मिळाली, की भावोजी भटारखान्यातूनच फोन लावायचे. पलीकडे भांड्यांचा खणखणाट चाललेला, आणि इकडे खारूची टकळी सुरू. कोणाचा दात पडला, बाई कोणाला काय म्हणाल्या, आईने कोणती गोष्ट बाबाला सांगू नको म्हणून बजावलंय, सगळं. ताई म्हणायची, "माझ्या वाट्याला शेवटचं 'ठेवतो आता' तेवढं येतं."

खारू आठ वर्षांची असताना जहाज सहा महिन्यांच्या मोहिमेवर निघालं. सहा महिने संपत आले आणि ज्या जहाजाने यांच्या जागी जायचं, त्याच्या इंजिनात मोठा बिघाड झाला. यांचा मुक्काम वाढला. एकदा वाढला, मग आणखी एकदा. त्यात जिकडे पाठवलं तिकडे खाजगी फोन पूर्ण बंद. ताई नौदलाच्या तळावरच्या कार्यालयात चौकशीला जायची. तिथला माणूस बिचारा सज्जन होता. "सगळे सुखरूप आहेत ताई, एवढंच मला सांगता येतं," म्हणायचा. ताई घरी येऊन तेच सासूबाईंना सांगायची, फक्त जरा हसून.

सासूबाईंना मी मावशी म्हणायचे. त्याच सुमाराला मावशींनी अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. ताई दुकानात गेली की सकाळी मी वर जाऊन बसायचे, दुपारी खारू शाळेतून आली की आजीपाशी ती. एका दुपारी, खारू शाळेतून यायच्या थोडं आधी, मावशी गेल्या. भावोजींना आणता येईल का, म्हणून ताईने तळावर विचारलं. जहाज किनाऱ्यापासून फार लांब होतं. निरोप पोहोचवता येईल, माणूस आणता येणार नाही, असं उत्तर आलं.

निरोप पोहोचला तेव्हाचं भावोजींनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. वरिष्ठांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं आणि बातमी दिली. भावोजी म्हणाले, "सर, पाव भट्टीत आहेत. जाऊ का?" ते खरंच खाली गेले आणि पाव काढले. सोबतचे म्हणाले, आज तू पड जरा, आम्ही बघतो. यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी पोरं ताट घेऊन रांगेत आली. "एरवी चिमूटभर मीठ इकडंतिकडं झालं तरी माझ्या नावाने शंख करणारी पोरं," भावोजी म्हणाले. "त्या दिवशी रस्सा अळणी झाला होता. मी चाखला होता, मला कळलं होतं. एकानेही तोंडातून शब्द काढला नाही. गपचूप जेवली, कोणी कोणी तर मागून घेतला. तेव्हा मला रडू आलं."

जहाज परतलं तेव्हा आम्ही तिघी धक्क्यावर गेलो होतो. भावोजी वाळले होते. त्यांनी खारूला जवळ घ्यायला हात पुढे केले, तर ती ताईच्या मागे सरकली. एवढी बडबडी पोर, पण घरी येईपर्यंत तिने "हं" आणि "हो" याच्या पलीकडे काही म्हटलं नाही.

घरी मावशींची खोली आता खारूची झाली होती. पलंग देऊन टाकला होता, खिडकीशी अभ्यासाचं टेबल आलं होतं. त्यात कोणाचं काही चुकलं नव्हतं, जागा तेवढीच होती. भावोजी दारात बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "उजेड चांगला येतो इथे." मग हात धुऊन स्वयंपाकाला लागले. तीन माणसांचा अंदाज त्यांना कुठून असणार? घरातलं सगळ्यात मोठं पातेलं भरलं, मग माझ्याकडचं मागवलं. त्या दिवशी अख्खी इमारत जेवली. ताई दारोदार भात वाटता वाटता हसत सुटली. किती महिन्यांनी ती तशी हसत होती.

खारू मात्र खुलेना. बाबा खोलीत आले की ही वहीत डोकं घालणार. जेवताना पाणी हवं असलं तरी आईला सांगणार, बाबांना नाही. भावोजी सगळं करून दमले. सायकल दुरुस्त करून दिली, शाळेत सोडायला गेले. ती मुकाट्याने त्यांच्या दोन पावलं पुढे चालायची. ताई समजूत घालायची, "होईल हो. सवय नाही तिला." भावोजी म्हणायचे, "मला तरी कुठे आहे?"

एकदा ते पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. कोणता आणू, हे विचारायला त्यांनी घरी फोन केला. ताई अंघोळीला गेली होती, म्हणून खारूने उचलला. भावोजी नुसतं "हॅलो" म्हणाले, आणि पलीकडून नळ सुटल्यासारखं बोलणं सुरू झालं. नवी बाई, बाकावरची मैत्रीण, सायकलची घंटा नीट वाजत नाही ते, सगळं. भावोजी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत राहिले. पाव आणायचे राहिलेच.

त्यानंतर त्यांनी घरातल्या घरात फोन करायला सुरुवात केली. हे स्वयंपाकघरात, ती तिच्या खोलीत, मध्ये एक भिंत.

ताई वैतागली. "एका घरात राहून फोन? लोक हसतील."

"हसू दे," भावोजी म्हणाले. "माझ्या हातचं खाऊन लोक रडलेत. त्यापेक्षा हे बरं."

अशीच एक दुपार होती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. भावोजी कणीक मळत होते, हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता. बोलता बोलता खारू म्हणाली, "आजी रोज विचारायची, आज तुझ्या बाबाने काय केलं असेल जेवायला."

"मग तू काय म्हणायचीस?"

"मी सांगायचे काहीतरी."

"पण फोन तर बंद होते."

"मनानेच सांगायचे. एकदा सांगितलं, तू मोठा मासा पकडलास आणि तो सगळ्यांना पुरला. आजी म्हणाली, पकडला असेल, पण साफ दुसऱ्या कोणाकडून करून घेतला असेल. आळशी आहे तो."

भावोजी हसले. "बरोबर बोलली."

"मग तिला जेवण जाईना. मग मी सांगायचे, आज बाबाने सूप केलंय आजी, सगळे सूपच पितायत. मग ती दोन चमचे प्यायची."

भावोजींचे हात थांबले. मीही सोलायची थांबले. हे ताईला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

"आणि शेवटच्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी मी शाळेत होते ना. आले तर सगळे दारात उभे." मग ती म्हणाली, "सांगायचं राहिलं."

भावोजींनी हात तसेच कपड्याला पुसले आणि ते आतल्या खोलीत गेले. फोन ओट्यावर चालूच होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग खारूचा आवाज, "बाबा, तुझ्या हाताला पीठ आहे." मी फोन बंद केला आणि खाली माझ्या घरी गेले.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लाजलीच. पण हळूहळू फोन कमी झाले. भावोजींनी किनाऱ्यावरच्या नेमणुकीसाठी अर्ज केला. ती मिळायच्या आधी त्यांना आणखी एका मोहिमेवर जावं लागलं. निघताना खारू खूप रडली, आणि भावोजी मला हळूच म्हणाले, "वाईट वाटायला हवं, पण मला बरं वाटतंय."

आता ते नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या पोरांना स्वयंपाक शिकवतात आणि संध्याकाळी बसने घरी येतात. ताईची आणि त्यांची रोज वादावादी होते, कारण इतकी वर्षं घर एकटीने चालवलेल्या बाईला प्रत्येक डब्याची जागा बदलणारा माणूस सोसवत नाही. परवा तर ती तणतणत माझ्याकडे येऊन बसली. चहा झाला, गप्पा झाल्या. थोड्या वेळाने भावोजी खाली आले आणि दारातूनच म्हणाले, "डबे होते तिथे ठेवलेत. चला आता वर, भूक लागलीय." ताई लगेच उठली नाही. पण गेली.