रस्क टॉलिव्हरचा लांबलेला 'अ'

रस्क टॉलिव्हर गेला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: आता सगळे मुग्धाला फोन करणार.

मला नाही. मुग्धाला.

रस्क माझा होता. हे वाक्य मला शोभत नाही, पण ते अचूक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन गायक, स्वतःची गाणी स्वतः लिहायचा. अल्टरनेटिव्ह रॉक. नव्वदच्या दशकात ओहायोमधला एक बँड, रेडिओवर वाजलेलं एकच गाणं. मग रेकॉर्ड कंपनीने त्यांना सोडलं, आणि मग बँडने त्याला.

त्यानंतर एकट्याने चार अल्बम. पहिला स्वतःच्या किचनमध्ये, एका जुन्या टेप मशीनवर.

तिकडे त्याला कुणी विचारेनासं झालं. जर्मनीत मात्र छोट्या हॉलमध्ये, रेकॉर्डच्या दुकानांत लोक नेमाने यायचे. उभं राहून ऐकायचे.

तो किचनवाला अल्बम मला कायझर्सलाउटर्नच्या जुन्या बाजारात मिळाला. बहुतेक परत जाताना इथल्या तळावरच्या कुणा अमेरिकन सैनिकाने विकलेला. माझं पीएचडीचं पहिलं वर्ष होतं.

मी सिग्नल प्रोसेसिंगवाली. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की अख्खा अल्बम सुरापेक्षा किंचित खाली आहे. मोजून पाहिलं. सगळी गाणी, अगदी तेवढीच खाली.

म्हणजे रेकॉर्ड करताना टेप जरा जास्त वेगाने पळत होती.

आणि पुढच्या अल्बममध्ये मशीन बदललं, तरी तो गिटारच तेवढी उतरवून लावायचा. चूक त्याला आवडली होती.

हे जगात फक्त मला कळलंय, असं मला वाटायचं. फार छान वाटायचं.

मुग्धा वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या होस्टेलवर, माझ्या शेजारच्या खोलीत. केमिस्ट्रीची. दोघींना मिळून एक किचन. तिला सीडी मीच दिली.

"रस्क? टोस्ट-खारीवाला?"

"ऐकणार आहेस की नाही?"

"ऐकते गं बाई. चहा तर होऊ दे."

तो मानहाइमला एका रेकॉर्डच्या दुकानात गाणार होता, शनिवारी दुपारी. तिलाही मीच ओढून नेलं.

गाणी झाल्यावर तो टेबलाशी सह्या करत बसला. मी प्रश्न पाठ करून गेले होते. टेपचा वेग, उतरवलेली गिटार, सगळं दोन वाक्यांत विचारलं.

त्याचं पेन थांबलं.

"इंजिनिअर आहेस?"

"हो."

"मशीन पळत होतं, खरंय. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं."

एवढंच. माझ्या हातातून सीडी खाली पडली, कव्हरला तडा गेला.

"अगं, दुसरी माग ना त्याच्याकडून," मुग्धा म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. हे काय म्हणालात, म्हणून विचारलं. मी नेहमीप्रमाणे एक पाऊल मागे सरकले होते. मुग्धा पुढे होती.

मग मुग्धाने शिकवणीच घेतली. बस चुकली, असू दे. दूध उतू गेलं, असू दे. बॉयफ्रेंड पळाला, असू दे! तो खो खो हसला आणि शब्द हातावर लिहून घेतला.

त्याच्या शेवटच्या अल्बममधलं शेवटचं गाणं: 'असू दे'.

कव्हरच्या आत एक ओळ. शब्दासाठी कायझर्सलाउटर्नच्या मुग्धाचे आभार.

शब्द मी उच्चारला होता. तिला ते आठवतही नसावं. मी आठवण करून दिली नाही. वाट पाहिली.

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आपण सगळे जमलो तेव्हा तिने ते गाणं लावलं. टाळ्या पडल्या. 'आमच्या मुग्धाचं गाणं' वगैरे.

मी शांतपणे म्हटलं, "तो 'असू दे' म्हणत नाहीये. 'आसू दे' म्हणतोय. म्हणजे अश्रू दे. बाईंचं ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचं राहिलं वाटतं."

सगळे हसले. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होतात.

मुग्धाही हसली. मग तिने सीडी काढली आणि समोर पडलेलं कव्हर बराच वेळ शोधत राहिली.

त्या गणपतीला दोन वर्षं झाली. ती नोकरीला लुडविग्सहाफेनला गेली. एस-बानने, म्हणजे लोकलने, तासाभराचा रस्ता. मी एकदाही गेले नाही. थीसिस आहे, असं सांगायचे.

आज सकाळी बातमी वाचली. इन्स्टिट्यूटमध्ये दोन तास एकाच ग्राफकडे बघत बसले. मग मीही मुग्धालाच फोन केला.

"बोल," ती म्हणाली. माझा नंबर पुसला नव्हता.

"रस्क..."

"कळलं."

मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार होते. तोंडून निघालं ते असं: "तो शब्द मी म्हटला होता. दुकानात. सीडी पडली तेव्हा."



"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"जळत होते."

"माझ्यावर?" ती हसली, पण नीट हसता आलं नाही तिला. "अगं, मी तुझ्यावर जळायचे. आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं तो तुला म्हणाला. मला काय मिळालं? एक शब्द. तोही तुझा निघाला, आणि त्याने गायला तोही चुकीचा."

"सॉरी," मी म्हटलं. "गणपतीतल्यासाठी."

"असू दे."

आवाज भरून आला होता तिचा. 'अ' लांबला.

मी दुरुस्त केला नाही.

त्या शेवटच्या अल्बमच्या कव्हरमध्ये नाव अजून तिचंच आहे. अजून खुपतं. पण दुकानात पडलेली ती सीडी घेऊन शनिवारी लुडविग्सहाफेनला जाणार आहे, तडा गेलेल्या कव्हरसकट.

ये आता, रस्क. आम्हा दोघींची श्रद्धांजली. तुझ्यासारखीच, किंचित उतरलेल्या सुरात.